नमस्कार कुणाचा?



आज आषाढ शुद्ध त्रयोदशी. एकादशीची दाटी ओसरली, वाळवंटात जरा पाय ठेवायला जागा झाली. परवा पौर्णिमा, गोपाळपुरात काला होईल आणि मग ज्याची त्याची गावाकडची वाट. तोवरचे दोन दिवस आपले आहेत. आणि ज्यांच्या हाती हे पुढे छापील होऊन येईल त्या वाचकहो, तुम्हीही याच मठाच्या ओसरीवर बसला आहात असं मी धरून चालतो. पुढे सरकून बसा, मागच्यांना जागा द्या.

आजचा विषय ऐकायला हलका वाटेल. एखाद्या अनोळखी माणसानं आपल्याला दुसराच कुणी मोठा, नावाजलेला माणूस समजून हात जोडले, तर आपण काय करावं?

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्हाला कोण मोठं समजतंय! आम्ही रानात राबणारी माणसं. असं म्हणू नका. आळंदी सोडल्यापासून तुम्हाला किती जणांनी 'माउली' म्हणून हाक मारली, मोजलंत का? टँकरवरचा पोरगा म्हणाला, माउली, हंडा पुढे घ्या. पोलीस म्हणाला, माउली, रांगेतून चला. चहावाला म्हणाला, माउली, सुटे द्या. अहो, माउली हे नाव कुणाचं? ज्यांनी १२९० साली नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, त्यांचं. महाराष्ट्रात त्याहून मोठं नाव कुठलं सांगा! आणि ते नाव सुट्या पैशांसाठी तुम्हाला लावलं. तुम्ही ओ दिलीत की नाही? दिलीत. मग? तुम्हाला रोज शंभर वेळा कुणीतरी दुसरंच समजलं जातंय, आणि तुमच्या लक्षातही आलं नाही.

वारीची रीत मोठी खोल आहे, बरं का. समोरचा पायाशी वाकला की आपणही त्याच्या पायाशी वाकायचं. वय विचारायचं नाही, जात विचारायची नाही, शेती किती ते विचारायचं नाही. आता दोघेही वाकले, तर नमस्कार राहिला कुणापाशी? एकापाशीही नाही. तो दोघांच्या मधून निघून गेला, जिथे जायचा तिथे.

संन्याशाला आपण नमस्कार करतो तेव्हा तो काय म्हणतो? 'नारायण' म्हणतो. आशीर्वाद देत नाही, शतायुषी हो म्हणत नाही. नुसतं 'नारायण'. म्हणजे तुझा नमस्कार मी ठेवून घेतला नाही, पुढे पाठवला. टपाल चुकून आपल्या दारात आलं तर शहाणा माणूस काय करतो? पाकीट फोडत नाही. पत्ता वाचतो आणि ज्याचं त्याच्याकडे पोचतं करतो.

आम्हा हरिदासांना ही विद्या आधी शिकवतात आणि मग पदं शिकवतात. मी तेरा वर्षांचा होतो, गुरुजींच्या घरी राहून शिकत होतो. पहिल्यांदा फेटा बांधून उभा राहिलो, आणि आरंभालाच माझ्या आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ पुढे आले, त्यांनी मला बुका लावला, हार घातला आणि चक्क पाय धरले. मी गोंधळून गुरुजींकडे पाहिलं. ते मागे झांजा घेऊन उभे होते. म्हणाले, "हलू नकोस. ते तुला नाही, नारदाच्या गादीला आहे. तू फक्त खाली पडू देऊ नकोस." कीर्तनकार उभा राहतो ती जागा नारदांची, ही आमची परंपरा. आज पन्नास वर्षं झाली, मी त्या गादीवर उभा राहतो आणि लोक मला नारद समजून नमस्कार करतात. माझ्यात नारदाचं काय आहे? वीणासुद्धा दिंडीची आहे!

(हशा. गजर.)

आता काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. माउलींच्या पालखीबरोबर आम्ही लोणंद सोडून तरडगावच्या वाटेला होतो. चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, ते पाहायला ही गर्दी. मी एका झाडाच्या सावलीला पंचा डोक्यावर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात एक म्हातारी आली. डोक्यावर तुळशीवृंदावन, पायात काही नाही. माझ्याकडे तिनं टक लावून पाहिलं, वृंदावन शेजारणीच्या हाती दिलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून रडायलाच लागली.

मी म्हटलं, "आजी, काय झालं?"

म्हणाली, "म्हाराज, तुमी लातुराकडं कीर्तन केलं व्हतं. माजा ल्योक पिऊन पडायचा. त्या रातीला त्यो मांडवाच्या कडंला बसला, तुमी काय बोललासा कुणाला ठावं, सकाळच्याला त्यानं बाटली आडात टाकली. आट वरसं झाली. घर उभं हाय माजं. तुमचं पाय कवा दिसतील म्हनून दर साली वारीत बगत आसते."

मंडळी, लातूरकडे मी त्या काळात गेलो नव्हतो. पण तिनं पुढे जे नाव घेतलं ते ऐकलं आणि मला उलगडा झाला. ते फार थोर कीर्तनकार, रेडिओवर ज्यांचा आवाज घरोघर गेला ते. नाव इथे घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आमचा बांधा सारखा, दाढी सारखी, पंचाही सारखाच. आणि खरं सांगू का, फेटा आणि तुळशीमाळ घातल्यावर आम्ही सगळे बुवा लांबून एकसारखेच दिसतो.

माझ्या बरोबर पेटी वाजवणारा मुलगा होता. तो कानाशी लागला. "बुवा, राहू द्या ना. आठ वर्षं शोधतेय ती. हो म्हणा, समाधानानं जाईल." मुलगा मनाचा चांगला. त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. एक 'हो' म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं?

पण विचार करा. आठ वर्षांचं ऋण होतं ते. दर वर्षी पायपीट करून तिनं ते सांभाळून आणलेलं. ते मी माझ्या पदरात पाडून घ्यायचं? आडात बाटली टाकली एकानं, ती टाकायला लावली दुसऱ्यानं, आणि नमस्कार तिसऱ्याच्या खिशात! दहा रुपये सापडले तर आपण विचारतो, कुणाचे पडले हो? आणि हे तर माणसाचं काळीज होतं.

मी म्हटलं, "आजी, ते मी नव्हे. तुम्ही म्हणता ते महाराज वेगळे. मी त्यांना ओळखतो."

ती गप्प झाली. मला वाटलं, आता हिचा हिरमोड होणार. तिनं डोळे पुसले, कनवटीची गाठ सोडली, अकरा रुपये काढले. शेजारणीच्या पिशवीतून एक नारळ घेतला. म्हणाली, "मंग तुमी गाटूनच जाताय न्हवं? हे त्यास्नी द्या. आनि सांगा, ल्योक नीट हाय." आणि वृंदावन डोक्यावर घेऊन, मागे न बघता रिंगणाकडे चालती झाली. तिला मला ओळखण्यात घोटाळा झाला याचं काहीच वाटलं नाही. तिला पोचवायचं होतं, पोचवणारा सापडला.

वारी झाल्यावर मी तो नारळ घेऊन त्या महाराजांकडे गेलो. तेव्हा ते थकलेले होते, अंथरुणाला टेकून बसले होते. सगळी हकीगत सांगितली. त्यांनी नारळ हातात घेतला, बराच वेळ शेंडीवरून हात फिरवला. म्हणाले, "लातूरकडचं कीर्तन? कुठलं बरं? मला आठवत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुझा आणि माझा चेहरा तिनं एक केला, ते जाऊ दे. पण बाटली सोडवणारा मी, असं तिला कुणी सांगितलं?" आणि सुनेला हाक मारून तो नारळ त्यांनी देव्हाऱ्यात ठेवायला दिला. अकरा रुपये मात्र मला परत दिले. "येत्या वारीत तिला चहा पाज," म्हणाले. ती पुन्हा भेटली नाही. त्या पैशांचा चहा मी दर वर्षी तिथे कुणालातरी पाजतो, आता त्यात पदरची भर घालावी लागते. चहा महागला ना!

आता याला शास्त्राचा आधार पाहू. श्रीमद्भागवताचा दशम स्कंध. भगवंत मथुरेला गेले, गोकुळ ओस पडलं. भगवंतांनी उद्धवाला निरोप घेऊन पाठवलं. उद्धव कसा? भगवंतांनी वापरलेली वस्त्रं आणि त्यांच्या प्रसादाच्या माळा अंगावर वागवणारा. दिसायला हुबेहूब. संध्याकाळी, गायी परतायच्या वेळी तो गोकुळात शिरला. धुळीत रथ कुणाला दिसला नाही. नंदबाबांनी त्याला मिठी मारली आणि भागवत सांगतं, त्याची पूजा केली ती वासुदेव समजून! दुसऱ्या दिवशी सकाळी गोपींनी दारात सोन्याचा रथ पाहिला. त्यांना वाटलं, आला पुन्हा अक्रूर, आता आणखी काय न्यायला आलाय? आणि मग समोर उद्धव. तोच पीतांबर, तशीच माळ, तसेच कमळासारखे डोळे. क्षणभर त्यांना कळेना, हा कोण, आमच्या कृष्णाचा वेश घालून आलेला?

या क्षणी उद्धवानं काय केलं? तो निरोप्या होता, निरोप सांगितला. काही महिने तिथे राहिला, त्यांचं ऐकत बसला. आणि निघताना त्याची इच्छा काय? या वृंदावनात मी एखादं झुडूप व्हावं, वेल व्हावी, गवत व्हावं, म्हणजे या गोपींच्या पायांची धूळ माझ्यावर पडेल. बघा हं. ज्याला त्यांनी कृष्ण म्हणून पाहिलं, तो त्यांच्या पायाखालचं गवत व्हायला निघाला. याला म्हणतात नमस्कार पचवणं.

आणि ज्याला पचला नाही त्याचीही कथा त्याच स्कंधात आहे. करूष देशाचा राजा पौंड्रक. आजूबाजूच्या खुशमस्कऱ्यांनी त्याला सांगितलं, महाराज, वासुदेव म्हणतात ते आपणच. झालं! त्यानं लाकडाबिकडाचे का असेनात, शंख-चक्र करून घेतले, पिवळा पीतांबर नेसला, ध्वजावर गरुड काढला, छातीवर कौस्तुभ लावला, श्रीवत्साची खूण उमटवली. (लाकडाचे हे माझं. भागवत एवढंच म्हणतं की ते खोटे होते.) इथवर हरकत नव्हती. आमच्या गावातही एकेक असे आहेत, बॅनरवर काय काय छापतात ते तुम्ही वाचताच. पण पौंड्रकानं पुढची पायरी गाठली. द्वारकेला दूत पाठवला. निरोप काय? खरा वासुदेव मी आहे, तू माझी चिन्हं वापरतोस ती टाकून दे. उग्रसेनाच्या सभेत हसून हसून मुरकुंडी वळली. देवांनी उत्तर पाठवलं, टाकतो. येऊनच टाकतो. काशीजवळ गाठ पडली. रंगभूमीवरचा नट सजून यावा तसा तो दिसत होता. देवांना हसू आलं. आणि मग चिन्ह टाकलं त्यांनी, म्हणजे चक्रच टाकलं.

भागवतकार मात्र मोठे उदार. ते म्हणतात, हा वेडा रात्रंदिवस हरीचं रूप घेण्याच्या नादात हरीचंच चिंतन करत होता, म्हणून त्यालाही तेच रूप मिळालं. माझं म्हणणं एवढंच, की गती मिळाली ती मान उडाल्यावर. आपण मान शाबूत असताना काय ते उरकावं.

आपल्याकडचे पौंड्रक आणखी हुशार असतात. आचार्य अत्र्यांचं १९६२ सालचं नाटक जुन्या लोकांनी पाहिलं असेल, प्रभाकर पणशीकरांचा तो लखोबा लोखंडे. जिथे मिरवायचं तिथे वाटेल त्या नावानं मिरवला, आणि न्यायालयात प्रत्येक साक्षीदारापुढे एकच वाक्य, जे नाटकाचंच नाव आहे. सत्काराला हजर आणि पंचनाम्याला गैरहजर! हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोंग घेऊनही पत्ता न विसरलेला नटसुद्धा आपल्याकडे झाला. १९३६ साली प्रभात कंपनीनं 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक. व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्यात तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करणारे गृहस्थ. पण त्या बोलपटानंतर लोक त्यांना पागनीस म्हणेनात. दिसतील तिथे पाया पडायचे. तुकोबांचं चित्र म्हणून कित्येक घरांत जी तसबीर लागली, ती पागनिसांच्या चेहऱ्याची. तुमच्याही देव्हाऱ्यात असेल, घरी गेल्यावर पाहा. काढून टाकू नका मात्र! तिच्यापुढे हात जोडताना तुमच्या आजीच्या मनात देहूच होती. माझ्या गुरुजींनी तो बोलपट लहानपणी पाहिलेला. ते म्हणायचे, त्या माणसाच्या डोळ्यांत मिरवणं नव्हतं, म्हणून लोकांनी तो खरा मानला.

(विठ्ठल विठ्ठल गजर. पूर्वरंग समाप्त.)

आता उत्तररंग. आख्यान दोन आहेत, पण धोकटी एकच.

पहिलं सेना महाराजांचं. कुणी त्यांचा राजा बांधवगडचा सांगतात, कुणी बेदरचा. महाराजांचा एक शब्द शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही आहे, म्हणजे केवढी लांब त्यांची ओळख पोचली पाहा. धंदा न्हाव्याचा. राजाची श्मश्रू करायची. एके दिवशी सकाळी ते पूजेला बसलेले, आणि राजाचे हुजरे बोलवायला आले. सेना महाराज उठले नाहीत. हुजरे पुन्हा आले. पुन्हा नाही. चहाडखोरानं राजाच्या कानी घातलं, घरातच बसलाय, टाळ वाजवतोय. राजा संतापला. बांधून आणा आणि नदीत टाका!

पंढरीच्या राण्यानं पाहिलं, आता उशीर करून चालणार नाही. सेनाचं रूप घेतलं. काखेत धोकटी, खांद्यावर पंचा. राजापुढे येऊन मुजरा केला. राग निघून गेला. देवानं वस्तरा फिरवला. अहो, ज्याच्या हातात सुदर्शन असतं त्याच्या हातात वस्तरा! मग तेल लावायला वाटी पुढे ठेवली. राजानं खाली वाटीत पाहिलं, आणि तेलात त्याला काय दिसलं? चतुर्भुज मूर्ती. वर पाहावं तर सेना न्हावी. खाली पाहावं तर नारायण. पुन्हा वर सेना, पुन्हा खाली नारायण. राजाचं भान गेलं. त्यानं ओंजळभर मोहरा दिल्या. देवानं त्या धोकटीत टाकल्या, धोकटी सेनाच्या घरी खुंटीला अडकवली आणि दिसेनासा झाला.

इथपर्यंत सगळे सांगतात. मला पुढची जागा महत्त्वाची वाटते. राजाला चैन पडेना. दुपारी पुन्हा बोलावणं. आता खरे सेना महाराज पूजा आटोपून, भीतभीत, धोकटी घेऊन आले. राजा सिंहासनावरून उठला. राजा न्हाव्यासाठी उठला! म्हणाला, सकाळी दाखवलंस ते पुन्हा दाखव. वाटी आणली, तेल ओतलं. तेलात तेलच.

आता सेना महाराजांच्या जागी स्वतःला उभं करा. समोर राजा हात जोडून उभा. त्याच्या तोंडून आपोआप निघालंय की तू सकाळी आला होतास. नुसतं गप्प राहिलं तरी मानपान, मोहरा, वतन, सगळं चालत येणार. आणि खरं बोलायचं तर काय बोलावं लागणार? 'महाराज, मी सकाळी आलोच नव्हतो.' म्हणजे हुकूम मोडल्याचा कबुलीजबाब. ज्या गुन्ह्याला नदी ठरली होती, तो गुन्हा आपल्याच तोंडानं सांगायचा. एका बाजूला देव म्हणून पूजा, दुसऱ्या बाजूला गळ्यात धोंडा.

सेना महाराजांनी धोकटी उघडली, मोहरा पाहिल्या, त्यांना कळलं कोण येऊन गेलं. डोळ्यांतून धारा लागल्या. आणि ते राजाला म्हणाले, तो मी नव्हतो. मी घरी होतो. मोहरा वाटून टाकल्या. राजाला सकाळी देव दिसला वाटीत. दुपारी खरा माणूस दिसला समोर. राजा पायाशी वाकला तो दुपारी.

(गजर.)

आता दुसरं आख्यान. इथे देव न्हावी झाला होता, तिथे न्हावी राजा होतो.

साल १६६०. महिना हाच, आषाढ. पौर्णिमेच्या सुमाराची रात्र. शिवाजीमहाराज पन्हाळ्यावर अडकलेले. विजापूरच्या सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला. वाटलं होतं पाऊस लागला की वेढा ढिला पडेल. जौहर कसला उठतो! त्यानं भर पावसातही ठाणं हलवलं नाही. चार महिने झाले. तेव्हा महाराजांनी तहाची बोलणी लावली, शरण येतो म्हणून निरोप धाडला, आणि तेवढ्यानं पहारा जरा सैलावला. १२ जुलैची रात्र ठरली. गडावरून विशाळगडाकडे निघायचं. वाट साठ-पासष्ट किलोमीटरची, रान, चिखल, जळवा. बरोबर बाजीप्रभू आणि बांदलांचे सहाएकशे मावळे.

पालख्या मात्र दोन. एका पालखीत महाराज. दुसरीत नेबापूरचा शिवा काशीद. नेबापूर पन्हाळ्याच्या पायथ्यालाच आहे. शिवा नाभिक समाजातला, आणि अंगकाठीनं, चेहऱ्यानं महाराजांसारखा, असं परंपरा सांगते. न्हाव्याइतकं दुसऱ्याचं तोंड जवळून कुणी पाहिलेलं नसतं हो. दाढीची वळणं, मानेचा बाक, बोलताना भुवई कशी उचलते, सगळं त्याला ठाऊक. आता ते सगळं त्यानं स्वतःच्या तोंडावर घेतलं. तो जिरेटोप घालून पालखीत बसला. जन्मभर दुसऱ्यांच्या पुढे बसून त्यांना आरसा दाखवलेला माणूस. त्या रात्री त्याच्यासाठी भोई वाकले, मुजरे झाले.

एक पालखी आडवाटेला लागली. दुसरी मुद्दाम सापडेल अशा वाटेनं गेली. आणि सापडली. पाठलागावरच्या स्वारांनी ती घेरली. कोण आहे आत? शिवाजी!

मंडळी, इथे लखोबा आठवा. उत्तर द्यायची वेळ आली, आणि समोर हार नव्हता. तलवारी होत्या. हा माणूस म्हणू शकत होता, अहो मी गडाखालचा न्हावी, मला कशाला धरता? खरं तेच होतं! सेना महाराजांनी जे सांगितलं तेच याला सांगता आलं असतं, आणि कदाचित जीव वाचला असता. पण सेना महाराजांपुढे आला तो मान होता, म्हणून त्यांनी 'मी नव्हे' म्हटलं. याच्यापुढे मरण आलं, म्हणून हा 'मीच' म्हणाला.

छावणीत आनंदीआनंद. शिवाजी सापडला! दिवट्या पेटल्या, त्याला जौहरपुढे नेलं. जितका वेळ तो तिथे शिवाजी म्हणून बसून राहील, तितका वेळ ती दुसरी पालखी पुढे चालणार. एक घटका म्हणजे एक टेकडी. दोन घटका म्हणजे एक ओढा. मी आख्यानात ही जागा आली की थांबतो. इथे पद म्हणायचं असतं, पण मला म्हणवत नाही. तबलजीला हात करतो, थांब. तो माणूस त्या तंबूत बसून काय मोजत असेल? बाहेर पाऊस. प्रत्येक थेंबाबरोबर राजा एक पाऊल पुढे.

शेवटी ओळख पटली. त्या छावणीत महाराजांना जवळून जाणणारी माणसं होतीच. शिवा काशीद मारला गेला. सिद्दी मसूद घोडदळ घेऊन पाठलागावर निघाला. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले, ती खिंड पुढे पावनखिंड झाली, ते सगळं तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. महाराज विशाळगडाला पोचले.

बाजींचं नाव शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरात असतं, ते योग्यच आहे. शिवाचं दोन ओळींत उरकतात. मला त्याची खंत वाटते, म्हणून मी आषाढात हे आख्यान लावतो. बाजी लढले ते बाजी म्हणून लढले. शिवा मेला तो दुसऱ्याचं नाव अंगावर घेऊन मेला. मरतानाचा मुजरासुद्धा त्याचा स्वतःचा नव्हता.

पन्हाळ्यावर त्याची समाधी आहे. दर वर्षी याच दिवसांत तरुण मुलं पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात, पावसात, रात्रीच्या त्याच वाटेनं. तुमच्यातलं कुणी कोल्हापूरकडचं असेल तर परत जाताना वाट वाकडी करा. समाधीपाशी उभे राहाल तेव्हा नाव घेऊन हाक मारा. शिवा काशीद, असं पुरं नाव घ्या, मोठ्यानं.

आता टाळ उचला. ज्ञानोबा-तुकोबांचा गजर करू, मग आरती. बुका लावायला येताना म्हाताऱ्या माणसांना पुढे येऊ द्या, पायरी ओली आहे.